मुलाच्या यकृताच्या पेशींना नेमकं काय झालंय? बायॉप्सीचा रिपोर्ट कुणी उलगडून सांगेल का?

पिवळी_शेवंती | १४ जानेवारी, रात्री ११.४०

लेक १२ वर्षांचा, सातवीत. उंची १५० सेंमी, वजन ६२ किलो. मागच्या मे महिन्यात पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली. दुखणं निघालं बद्धकोष्ठाचं, पण रिपोर्टात खाली एक ओळ होती : फॅटी लिव्हर ग्रेड २. रक्त तपासलं तर एसजीपीटी (यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढतं ते) ११८. ‘वजन कमी करा, तीन महिन्यांनी या.’ तीन महिन्यांनी १०९, त्यानंतर १२४. मधे सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहणारं प्रथिन) नावाची तपासणी जरा कमी आली, म्हणून विल्सनचा आजार (यात यकृतात तांबं साठत जातं) तर नाही ना, हे बघायला शेवटी बायॉप्सी केली. यकृतातलं तांबं नॉर्मल निघालं. विल्सन नाही. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली (आता साखर म्हटलं की हात थबकतो, ते सोडा).

पण रिपोर्टात हे लिहिलंय, जसंच्या तसं देवनागरीत टंकते :

मॅक्रोव्हेसिक्युलर स्टिएटोसिस ४५ टक्के, झोन १ प्रिडॉमिनंट. माइल्ड पोर्टल इन्फ्लमेशन. लोब्युलर इन्फ्लमेशन मिनिमल. बलूनिंग नाही. ग्लायकोजिनेटेड न्यूक्लिआय दिसतात. फायब्रोसिस स्टेज १सी.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, ‘फॅटी लिव्हरच आहे, थोडा फायब्रोसिस आहे, बलूनिंग नाही हे चांगलं.’ फायब्रोसिस, म्हणजे वण, हा शब्द कानावर पडला आणि त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्याशा पोराला लिव्हरचं कसं होईल? तो काय दारू पितो?’

नेटवर वाचायला गेले तर सगळं मोठ्या माणसांबद्दल. तिथे लिहिलंय की आधी पेशी फुगतात, मग वण पडतात. याच्या पेशी फुगलेल्या नाहीत, तरी वण कसा? उपचार विचारत नाहीये, ते डॉक्टर बघतील. त्या पेशींत काय चाललंय एवढंच समजून घ्यायचंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज | १४ जानेवारी, रात्री ११.५८

ताई, माझ्या पुतण्याला हेच होतं, ग्रेड २. तूप-लोणी पूर्ण बंद केलं, वर्षभरात ग्रेड १ झाला. काळजी करू नका.

मेथीफळं | १५ जानेवारी, सकाळी ७.१२

वाचतेय. आमच्याकडेही ग्रेड १ आहे, मुलगी ९ वर्षांची.

सूक्ष्मदर्शी | १५ जानेवारी, सकाळी ९.०५

शेवंतीताई, मी पॅथॉलॉजिस्ट होतो, आता निवृत्त. स्लाईड पाहिल्याशिवाय निदानावर बोलणार नाही. शब्दांचे अर्थ मात्र सांगू शकतो.

आधी एक घोळ मिटवू, कारण वरच्या प्रतिसादांतही तो आहे. सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे यकृत किती पांढुरकं दिसलं, म्हणजे चरबी किती असावी याचा डोळ्यांनी केलेला अंदाज. बायॉप्सीतली स्टेज म्हणजे वण किती पडले. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही. ग्रेड ३ आणि वण शून्य असं असतं, ग्रेड १ आणि वण भरपूर असंही असतं. शिवाय साधारण वीस-तीस टक्के पेशींत चरबी साठेपर्यंत सोनोग्राफीला ती नीट दिसत नाही.

आता तुमचा रिपोर्ट. यकृताच्या मुख्य पेशीला हेपॅटोसाइट म्हणतात. या पेशी रांगांनी उभ्या असतात आणि रांगांमधून रक्त झिरपत जातं. शेताला पाटाचं पाणी देतात ते डोळ्यांसमोर आणा. पाटाचं तोंड म्हणजे पोर्टल भाग. तिथे आतड्याकडून आलेली शीर, एक धमनी आणि पित्ताची बारीक नळी अशा तिघी एकत्र असतात. पाण्याची शेवटची सरी म्हणजे मधली शीर, सेंट्रल व्हेन. तोंडाजवळच्या पेशींना प्राणवायू आणि अन्न पहिल्यांदा मिळतं, तो झोन १. टेलच्या शेतकऱ्याला उरलंसुरलं, तो झोन ३.

मोठ्या माणसात चरबी बहुधा टेलला, झोन ३ मध्ये साठायला लागते. तिथल्याच पेशी फुगतात (ते बलूनिंग) आणि तिथेच कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पडू लागतात. लहान मुलांत बरेचदा हे चित्र उलटं असतं. चरबी पाटाच्या तोंडाशी किंवा सरसकट सगळीकडे, दाह पोर्टल भागात, वणही तिथेच, आणि फुगलेल्या पेशी फारच कमी किंवा नाहीतच. अमेरिकेत सॅन डिएगोच्या श्विमर यांच्या गटाने २००५ मध्ये १०० मुलांच्या बायॉप्सी तपासून हे नीट मांडलं. मोठ्यांसारख्या चित्राला त्यांनी टाइप १ म्हटलं, ते १७ टक्के मुलांत होतं. मुलांच्या खास चित्राला टाइप २, ते ५१ टक्क्यांत. बाकीच्यांत सरमिसळ. टाइप २ मुलग्यांत जास्त आणि आशियाई वंशाच्या मुलांत जास्त. पुढच्या अभ्यासांत सरमिसळ बरीच आढळली, त्यामुळे हे दोन कप्पे फार घट्ट धरू नयेत. पण तुमच्या लेकाचा रिपोर्ट दुसऱ्या कप्प्यात जवळजवळ नेमका बसतो.

स्टेज १सी मधला ‘सी’ म्हणजे वण फक्त पोर्टल भागाभोवती आहे. १ए आणि १बी हे टेलच्या वणाचे. एकूण स्टेज ४ पर्यंत असतात आणि ४ म्हणजे सिरोसिस, वणांनी अख्खं यकृत कडक होणं. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात.

पॅराफिन | १५ जानेवारी, दुपारी १.३०

सरांना अनुमोदन. मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, तुकडा ते स्लाईड हा सगळा प्रवास माझ्या हातून होतो. म्हणून थोडं कामावरचं सांगतो.

बायॉप्सीची सुई काढते तो तुकडा शेवयाच्या काडीएवढा. अख्ख्या यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग. तो फॉर्मॅलिनमध्ये येतो, मग अल्कोहोल, झायलिन, मग मेणात बसवायचा, मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप. यात गंमत अशी की अल्कोहोल आणि झायलिनमध्ये चरबी विरघळून जाते. त्यामुळे स्लाईडवर चरबी दिसतच नाही, तिची जागा दिसते. गुलाबी पेशीत स्वच्छ गोल पांढरं भोक. अनारशाला चांगली जाळी पडली की कसा दिसतो, तसं. ‘मॅक्रो’ म्हणजे एकच मोठा थेंब, इतका मोठा की पेशीचं केंद्रक कडेला दाबलं जाऊन चंद्रकोरीसारखं होतं. ‘मायक्रो’ म्हणजे बारीक बारीक पुष्कळ थेंब, केंद्रक मधेच. ४५ टक्के म्हणजे शंभरातल्या पंचेचाळीस पेशींत असं भोक. पाच टक्क्यांच्या खाली असेल तर फॅटी लिव्हर म्हणत नाहीत.

वण साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात नीट दिसत नाही. त्यासाठी मॅसन ट्रायक्रोम नावाचा वेगळा रंग लावतो, त्यात तंतू निळे उठतात. तुमच्या रिपोर्टात खाली कुठेतरी ‘स्पेशल स्टेन्स’ असं लिहिलं असेल, बघा.

पिवळी_शेवंती | १५ जानेवारी, रात्री १०.२०

सूक्ष्मदर्शी सर, पॅराफिन, दोघांनाही हात जोडते. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी कळलं. हो, खाली मॅसन आणि रेटिक्युलिन असं लिहिलंय. अनारशाची जाळी मात्र आता डोक्यातून जाणार नाही.

पण माझा अडलेला प्रश्न तसाच आहे. पेशी फुगल्या नाहीत तर वण कोण टाकतंय? आणि ग्लायकोजिनेटेड न्यूक्लिआय काय आहे?

नाना_वाडीवाले | १५ जानेवारी, रात्री १०.४५

आमच्या वेळी पोरं वाटीवाटी लोणी खायची, कुणाला लिव्हर माहीत नव्हतं. आता पोरांना खेळायला पाठवत नाहीत आणि सुया टोचून तुकडे काढतात. १२ वर्षांच्या मुलाची बायॉप्सी? कशासाठी? हल्ली सगळा बाजार आहे.

सूक्ष्मदर्शी | १६ जानेवारी, सकाळी ८.४०

नाना, आधी तुम्हाला, कारण ‘आमच्या वेळी’ मी स्लाईडवर पाहिलंय.

मी शिकत होतो तेव्हा लहान मुलाचं यकृत म्हटलं की आमच्यासमोर एकच आजार यायचा, इंडियन चाइल्डहुड सिरोसिस. वर्ष-दोन वर्षांची बाळं, पोट दगडासारखं, बहुतेक दगावायची. त्यांच्या स्लाईडवर यकृताच्या पेशी अशा फुगलेल्या असायच्या की काय सांगू, आत मॅलरीचे गुलाबी गुठळे, आणि ऑर्सिन रंग लावला की तांब्याचे तपकिरी कण. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शाप म्हणून लोक सोडून द्यायचे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातले डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर १९८० च्या दशकात या बाळांना काय पाजलं जातं ते खोदून विचारलं. वरचं दूध लवकर सुरू केलेलं, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेलं. कल्हई नाही, किंवा कल्हई गेलेली. भांडी बदलली, स्टील आलं, आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. तेव्हा ‘आमच्या वेळी कुणाला लिव्हर माहीत नव्हतं’ हे खरं नाही. ज्यांच्या घरात ते झालं त्यांना चांगलं माहीत होतं.

आणि या मुलाची बायॉप्सी कशासाठी, ते शेवंतीताईंनी लिहिलंय. विल्सनच्या आजारातही सुरुवातीला यकृतात चरबीच दिसते, साध्या फॅटी लिव्हरसारखीच. त्याला वेगळं औषध असतं, जन्मभर घ्यावं लागतं आणि चुकलं तर मूल हातचं जातं. कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे २५० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं असेल तर विल्सनकडे बोट जातं. ते मोजायला तुकडा लागतो. प्रत्येक जाड मुलाची बायॉप्सी कुणी करत नाही, करूही नये.

ताई, आता तुमचा प्रश्न. ग्लायकोजिनेटेड न्यूक्लिआय म्हणजे पेशीच्या केंद्रकात साखरेचा साठा, ग्लायकोजेन, शिरल्यामुळे ते पोकळ दिसणं. मधुमेहात दिसतं, फॅटी लिव्हरमध्ये दिसतं, विल्सनमध्येही दिसतं (म्हणूनच तुमच्या डॉक्टरांना तांबं मोजावंसं वाटलं असेल, तर नवल नाही). त्याने एकट्याने काही बिघडत नाही.

फुगणं म्हणजे काय ते आधी बघू. पेशीला आतून आकार देणारा केरॅटिन तंतूंचा सांगाडा असतो, ८ आणि १८ क्रमांकाचे केरॅटिन. पेशी जखमी झाली की हा सांगाडा मोडतो, पेशी गोल होते, दुप्पट मोठी, आतला भाग विरळ. मोडलेले केरॅटिन गुठळ्या करून पडतं, तेच मॅलरीचे गुठळे. अशी पेशी मरतही नाही आणि धड जगतही नाही, आणि शेजाऱ्यांना सतत ‘दुरुस्ती करा’ असे रासायनिक निरोप पाठवत बसते. मोठ्या माणसांत वणाचं खापर बहुतांशी तिच्यावर फुटतं.

वण टाकणारे हात मात्र वेगळ्याच पेशीचे. स्टेलेट पेशी, तारकेसारखी, रक्तवाहिनी आणि हेपॅटोसाइट यांच्या फटीत बसलेली. एरवी ती गुपचूप जीवनसत्त्व ‘अ’ साठवते. चिथावली की साठा टाकून देते आणि कोलॅजेनचे तंतू विणायला लागते. (अवांतर : क्युप्फर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये या तारका वर्णन केल्या, पण पुढे घोटाळा होऊन त्याचं नाव शेजारच्या भक्षक पेशींना चिकटलं. हा गुंता सुटायला जवळजवळ शंभर वर्षं गेली.)

मुलांत तिला चिथावतं कोण? चरबीने भरलेल्या हेपॅटोसाइट्सना स्वतःची संख्या राखणं जड जातं. एरवी यकृताची पेशी गेली तर शेजारची विभागून जागा भरते. ते थकलं की पोर्टल भागाच्या कडेला ठेवणीत असलेल्या मूळ पेशी जाग्या होतात आणि पित्तनलिकेसारख्या बारीक बारीक नळ्या काढू लागतात. याला डक्ट्युलर रिअ‍ॅक्शन म्हणतात. या नळ्या आणि त्यांच्याभोवती जमलेल्या दाहाच्या पेशी मिळून स्टेलेट पेशींना आणि पोर्टल भागातल्या तंतूजनक पेशींना उठवतात. त्यामुळे वण तोंडाशीच पडतो. मुलांच्या फॅटी लिव्हरमध्ये या नळ्यांचं प्रमाण आणि वणाची स्टेज सोबत वाढते, हे इटलीतल्या नोबिली यांच्या गटाने दाखवलंय.

म्हणजे ‘बलूनिंग नाही’ हे मोठ्या माणसाच्या रिपोर्टात जितकं दिलासा देणारं, तितकं मुलाच्या रिपोर्टात नाही. मुलांचे रिपोर्ट मोठ्यांच्या मापाने वाचले जातात हे माझं जुनं दुखणं आहे. गुण मोजायची जी पद्धत रूढ आहे तिच्यात चरबीला ३ पर्यंत, पेशींमधल्या दाहाला ३ पर्यंत आणि फुगण्याला २ पर्यंत गुण. पोर्टल दाहाला शून्य! मुलाच्या यकृतात जिथे खरी धुसफूस, तिथेच मोजपट्टी पोचत नाही.

तुमच्या मुलात वण आहे हे खरं, पहिल्या पायरीचा आहे हेही खरं, आणि तो हलका मानून सोडून देऊ नका हे माझं मत.

जास्वंदी | १६ जानेवारी, दुपारी १२.१०

सर, नेहमीप्रमाणे. वाचनखूण साठवली.

मी आहारतज्ज्ञ, लहान मुलांबरोबर काम करते. वर तुपाचा विषय आलाय म्हणून. यकृताच्या पेशीतली चरबी येते कुठून, यावर २००५ मध्ये एक मोजणी झाली होती, मोजकेच प्रौढ रुग्ण, मुलं नव्हेत. साधारण ५९ टक्के शरीरातल्या चरबीसाठ्यातून सुटून आलेली, २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिठातून बनवलेली, आणि थेट ताटातल्या तेलातुपातून आलेली १५ टक्के. म्हणजे पोळीवरचं तूप हा गुन्हेगार नंबर एक नव्हे. (नाना, इथे तुमची बाजू थोडी बरोबर.)

तो २६ टक्क्यांचा भाग साखरेचा. त्यात फ्रुक्टोज विशेष वाईट, कारण ते बहुतांशी यकृतातच जिरवलं जातं आणि तिथे त्याला चरबी व्हायला फारसा अडसर नसतो. पॅकबंद ज्यूस, कोल्ड्रिंक, सरबताची सिरपं, ‘हेल्थ ड्रिंक’चे डबे. श्विमर यांचाच गट आणि अटलांटाच्या मंडळींनी २०१९ मध्ये ११ ते १६ वयाच्या ४० मुलग्यांवर प्रयोग केला. आठ आठवडे अख्ख्या घराची वरून घातलेली साखर जवळजवळ बंद, एकूण उष्मांकाच्या ३ टक्क्यांखाली. यकृतातली चरबी सरासरी २५ वरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचं खाणाऱ्या गटात २१ वरून २०.

मला यात ‘अख्खं घर’ हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझ्याकडे आया येतात, ‘त्याचा चहा बिनसाखरेचा केलाय हो’ म्हणतात, आणि बाबांचा, आजीचा, पाहुण्यांचा गोडच. पोरगं स्वयंपाकघरात उभं राहून बघत असतं.

नाना_वाडीवाले | १६ जानेवारी, दुपारी ४.३०

सूक्ष्मदर्शी, कल्हईचं माहीत नव्हतं. माझ्या आत्याची दोन मुलं अशीच गेली होती, पोट फुगून. कुणी कारण सांगितलं नाही. बायॉप्सीबद्दल बोललो ते मागे घेतो.

बोरन्हाण | १६ जानेवारी, रात्री ९.१५

माझी मुलगी ११ वर्षांची, अगदी काडी. ३१ किलो. तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. डॉक्टर म्हणाले भारतीयांत असतं असं. खरंच असतं का? की काहीतरी चुकतंय?

सूक्ष्मदर्शी | १७ जानेवारी, सकाळी ८.१०

असतं. पुण्यातच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे बाळांपासून दाखवलंय. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं पण आतून चरबीचं शरीर. असं मूल मोठं होताना वजनकाट्यावर गुटगुटीत दिसत नाही, पण चरबी जिथे नको तिथे साठते. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का बघा, वजनापेक्षा ते जास्त बोलतं. मानेवर काळपट मखमली पट्टा आहे का बघा. तो मळ नसतो, घासून जात नाही. इन्सुलिन वाढल्याची ती खूण. शिवाय पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांच्या पेशीतून चरबीचा थेंब लवकर हलत नाही, वजन कमी असलं तरी.

पण बारीक मुलात फॅटी लिव्हर दिसलं की ‘भारतीयांत असतं’ म्हणून थांबणं मला मान्य नाही. अशा मुलात विल्सन, सीलियाक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडतं तो आजार), थायरॉइड, चयापचयाचे जन्मजात दोष, आधीची औषधं (स्टेरॉइड वगैरे) हे सगळं आधी बाजूला सारायचं असतं. तुमच्या डॉक्टरांना सेरुलोप्लाझ्मिन केलंय का, एवढं जरूर विचारा.

काढाप्रेमी | १७ जानेवारी, सकाळी १०.००

गुळवेल सत्त्व रोज सकाळी. यकृतासाठी अमृत. शंभर टक्के नैसर्गिक.

पॅराफिन | १७ जानेवारी, सकाळी १०.२२

कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेले सहा रुग्ण नोंदवले होते, बायॉप्सीसकट. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, तो वाद वेगळा. पण ज्या मुलाचं एसजीपीटी आधीच शंभराच्या वर आहे त्याला कुठलाही काढा डॉक्टरांना न विचारता देऊ नका. उद्या आकडा वाढला तर तो आजाराचा की काढ्याचा, हे आम्हाला स्लाईडवरूनही धड सांगता येत नाही.

काढाप्रेमी | १७ जानेवारी, सकाळी १०.३१

अ‍ॅलोपथीवाले असंच म्हणणार.

धागारक्षक | १७ जानेवारी, सकाळी ११.००

पॅथी-वाद वेगळ्या धाग्यावर. इथले पुढचे तसे प्रतिसाद उडवले जातील.

सातासमुद्रापार | १७ जानेवारी, रात्री ११.५०

न्यू जर्सीहून. माझा मुलगा १३ चा, दोन वर्षं याच रस्त्यावर आहोत. काही गोष्टी उपयोगी पडतील म्हणून.

इकडे मुलांच्या एसजीपीटीची वरची मर्यादा मुलग्यांत २६ आणि मुलींत २२ धरतात. भारतातल्या लॅबच्या कागदावर ४० किंवा ५० छापलेलं असतं, ते मोठ्यांचं. माझ्या भाच्याचा ४४ आला होता आणि ‘नॉर्मल’ म्हणून फाइल बंद झाली होती. ८० च्या वर टिकून राहिलं की इथे जास्त गांभीर्याने घेतात.

नावही आता बदललंय. २०२३ पासून ‘नॉन अल्कोहोलिक’ काढून टाकलं आणि एमएएसएलडी केलं, म्हणजे चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेला आजार. शेवंतीताईंच्या सासूबाईंच्या प्रश्नावर हाच उतारा. ज्या मुलाने दारूचा थेंब पाहिला नाही त्याच्या आजाराच्या नावात दारू कशाला हवी?

औषधांबद्दल : मुलांसाठी मोठा प्रयोग एकच गाजला, २०११ चा, १७३ मुलं, दोन वर्षांच्या आसपास. जीवनसत्त्व ‘ई’, मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) आणि औषध नसलेली नुसती गोळी असे तीन गट. मुख्य कसोटी एसजीपीटी टिकून कमी होण्याची होती, त्यात दोन्ही औषधं नापास. पण बायॉप्सीत ‘ई’ घेणाऱ्यांचा स्टिएटोहेपॅटायटिस (चरबीसोबत दाह आणि पेशींना इजा) ५८ टक्क्यांत गेलेला दिसला, नुसत्या गोळीवाल्यांत २८ टक्क्यांत. आम्ही ‘ई’ घेतलं नाही, डॉक्टरांचा निर्णय. तुम्हीही स्वतःच्या मनाने देऊ नका, डोस मोठा असतो.

मेथीफळं | १८ जानेवारी, सकाळी ७.४०

म्हणजे नुसती गोळी घेऊनही २८ टक्के मुलांचा गेला?

सूक्ष्मदर्शी | १८ जानेवारी, सकाळी ९.२०

बरोबर पकडलंत. त्या सगळ्या मुलांना आहार-व्यायामाचा सल्लाही दिलेला होता. आणि मुलाचं यकृत हे मोठ्याच्या यकृतापेक्षा लवकर वळतं. चरबीचा थेंब ही पेशीतली कायमची गाठ नव्हे. थेंबाभोवती प्रथिनांचं वेष्टण असतं, गरज पडली की पेशी ते उघडून चरबी जाळते. आठ आठवड्यांत २५ वरून १७, हे जास्वंदींनी वर लिहिलंच आहे. आधी चरबी हटते, मग दाह निवतो, वण सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू. पहिल्या पायरीचा वण मागे जाताना पाहिलेला आहे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर सगळे निर्धास्त व्हाल. सॅन डिएगो परगण्यात १९९३ ते २००३ या काळात अपघात वगैरेंत गेलेल्या २ ते १९ वयाच्या ७४२ मुलांची यकृतं तपासली होती. घरी कुणाला काही माहीत नसताना जवळजवळ दहातल्या एकात चरबी होती, आणि लठ्ठ मुलांत ३८ टक्क्यांत. म्हणजे हा आजार दुखत नाही. शेवंतीताईंच्या लेकाचं पोट बद्धकोष्ठाने दुखलं नसतं तर आज हा धागा नसता.

पिवळी_शेवंती | २ जुलै, रात्री १०.०५

धागा वर काढतेय, माफ करा. बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं होतं.

लेकाचं वजन ६१. म्हणजे किलोभरच कमी. पण उंची १५४ झाली. घरात साखरेचा डबा फक्त पूजेपुरता. नवऱ्याने सुरुवातीला पंधरा दिवस तोंड पाडलं, मग सवय झाली. सासूबाई सगळ्यात चिवट निघाल्या. शेवटी नानांचा कल्हईचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. त्यांच्या माहेरीही असंच एक मूल गेलेलं. त्यानंतर त्यांनी स्वतःहून ज्यूसचे खोके बंद केले. शाळेतून येताना सायकल, संध्याकाळी खो-खो. एसजीपीटी जानेवारीत १२४, एप्रिलमध्ये ८८, आता ५७. अजून २६ नाही, माहीत आहे.

बोरन्हाण, तुमच्या मुलीचं काय झालं?

डॉक्टरांनी दुसऱ्या शहरातल्या मुलांच्या यकृततज्ज्ञांना दाखवायला सांगितलंय, तिथले पॅथॉलॉजिस्ट स्लाईड पुन्हा बघतील. पुन्हा बायॉप्सी नको म्हणाले. लॅबमधून काय काय मागून घ्यायचं?

बोरन्हाण | २ जुलै, रात्री १०.४०

सेरुलोप्लाझ्मिन नॉर्मल. सीलियाक निघाला! गहू बंद. ज्वारी-नाचणीवर आहोत, यकृत सुधारतंय. सूक्ष्मदर्शी सर, तुमचे आभार कसे मानू.

पॅराफिन | ३ जुलै, सकाळी ८.५५

शेवंतीताई, नुसत्या स्लाईडी मागू नका, मेणाचा ब्लॉकही मागा. त्यातून तिकडे नवे काप काढून हवे ते रंग लावता येतात, तुमच्या स्लाईडीवर नाही येत. अर्ज लिहून द्यावा लागेल, त्यावर बायॉप्सी क्रमांक आणि तारीख घाला. रिपोर्टची झेरॉक्स सोबत. स्लाईडी प्लॅस्टिकच्या खाचेच्या डबीत द्यायला सांगा, कागदात गुंडाळून देतात काही जण. आणि ब्लॉक बॅगेत हातासरशी ठेवा, बंद गाडीत उन्हात सोडू नका. मेण आहे ते.